पेवातला खडा

१९६२ सालच्या एप्रिलच्या सुरुवातीला अकीला शेख नागपूरहून पुसदला घरी आली, तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत कपडे कमी आणि काचेच्या बरण्या जास्त होत्या. बसच्या टपावरून पेटी उतरवणाऱ्या हमालाला वाटलं, आत लोणचं आहे. तिनं तसं वाटू दिलं, कारण लोणचं म्हटलं की माणसं पेटी आडवी करत नाहीत.

बरण्यांत मीठ होतं, पण जेवणातलं नव्हे. चिंचेत आणि द्राक्षांत जो आंबटपणा असतो, त्याच्यापासून बनणारं हे रोशेल मीठ. पाण्यात विरघळवून ते सावकाश पुन्हा गोठू दिलं की काचेसारखे नितळ खडे तयार होतात, आणि त्या खड्याला दाबलं की त्यातून वीज निघते. थोडीशीच, पण निघते. एम.एस्सी. झाल्यावर अकीला नागपूरला याच खड्यांवर संशोधन करत होती. त्या प्रयोगशाळेत मुलगी म्हणून ती एकटी. तिथला शिपाई पहिले काही महिने तिला कुणाची तरी बहीण समजून बाहेरच्या बाकावर बसवत असे.

तिचे मार्गदर्शक डॉ. पांढरीपांडे भले गृहस्थ होते, पण त्यांचा धीर आता सुटत चालला होता. मोजमापासाठी एक मोठा, निर्दोष खडा हवा होता आणि अकीलाचे खडे कधी तडकत, कधी पोटात धुरकट निघत. जुलैपर्यंत धड खडा झाला नाही तर विषय बदलू, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं होतं. उन्हाळ्यात प्रयोगशाळा बंद, वसतिगृहही बंद. म्हणून बरण्या घरी आल्या.

घरी तिच्या कामाचं कौतुक होतं, विशेषतः अब्बांना. अब्दुल गनींचं पुढे दुकान आणि मागे घर. रेडिओ दुरुस्त करायचे, लग्नाकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. ग्रामोफोनची सुई ज्या डोक्यात बसते त्यात असाच एक खडा असतो, हे त्यांना माहीत होतं, आणि मे महिना आला की त्या खड्यांचा आवाज बसतो हेही. त्यामुळे पोरीचं संशोधन म्हणजे आपल्या दुकानाचंच एक काम आहे, अशी त्यांची समजूत होती आणि ती अगदीच चूक नव्हती.

खरी अडचण उन्हाची होती. खडा वाढवायचा तर दाट द्रावणात दोऱ्यानं एक बारीक बीज टांगायचं आणि पाणी हळूहळू उडू द्यायचं. जसं पाणी कमी होतं तसं मीठ बीजावर चढत जातं. पण द्रावण तापलं की तेच मीठ परत पाण्यात उतरतं. पुसदच्या पत्र्याखाली तो खडा रात्री वाढायचा आणि दुपारी विरघळायचा. सासरी जाऊन माहेरी परत येणाऱ्या पोरीसारखं चाललं होतं, असं अम्मीनं, म्हणजे बिस्मिल्लाबीनं, त्याचं वर्णन केलं. अकीलानं बरण्या खाटेखाली ठेवल्या, पेटीत ठेवल्या, वाळ्याच्या पडद्याआड ठेवल्या. शेवटी पिण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेल्या एका बरणीनं साथ दिली. तिच्यातून अंगठ्याएवढा खडा निघाला. मोठा नव्हता, पण आरपार स्वच्छ होता. अकीलानं तो कोरडा करून पांढऱ्या बशीत ठेवला, बशी फडताळात ठेवली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. हे स्थळ अब्बांच्या बहिणीनं, हुस्नाबीनं, आणलं होतं. नेरचे जफर साहेब कापसाच्या बाजारातले वजनदार व्यापारी. त्यांचा मुलगा युनूस नेरच्याच शाळेत गणित शिकवायचा. हुस्नाबीचं म्हणणं असं, की एवढी शिकलेली पोरगी आणि गणिताचा मास्तर, यापेक्षा अल्लानं आणखी काय जुळवून द्यावं. अकीलानं विरोध केला नाही. तिचं अर्धं लक्ष खड्याकडे होतं.

पाहुणे सकाळच्या गाडीनं आले. चहा झाला, भजी झाली. बडीशेप देताना हुस्नाबीला आठवलं की जोडीला खडीसाखर हवी. तिनं फडताळ उघडलं, बशीतला खडा पाहिला, एवढा मोठा कसा द्यावा म्हणून खलबत्त्यात फोडला आणि बडीशेपेसोबत तबकात मांडून बाहेर पाठवला.

जफर साहेबांनी मानाप्रमाणे सगळ्यांत मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला. तो खारट लागला, थोडा थंडही लागला. पण परक्याच्या घरी तोंडातलं थुंकायचं कसं? पुसदकडे अशीच पद्धत असेल असं समजून त्यांनी तो तुकडा चावून गिळला आणि वरून पाणी प्यायलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. कळलं ते पडद्याआडून तबक पाहणाऱ्या अकीलाला.

खडा गेला, हे तिला आधी समजलं आणि तिचे डोळे भरून आले. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. पाहुणे गाडीत बसले असते, आणि वाटेत दारव्ह्याच्या अलीकडे कुठेतरी जे व्हायचं ते झालं असतं. हुस्नाबीनं तिचा हात धरून ठेवला होता. तो सोडवून ती पडदा बाजूला करून सरळ बैठकीत गेली. मुलगी अशी न बोलावता बाहेर आलेली पाहून सगळेच थांबले.

"चाचा, तुम्ही खाल्ली ती खडीसाखर नव्हती," ती म्हणाली. "माझ्या प्रयोगाचं मीठ होतं."

जफर साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला. नेरच्या बाजारातली वऱ्हाडी त्यांच्या तोंडी आली. "म्हंजे आता मी मरतो काय?"

"नाही. औषधाच्या दुकानात जुलाबाची पुडी मिळते, तिच्यात हेच मीठ असतं. तुम्हाला काही होणार नाही. फक्त दुपारची गाडी धरू नका."

अब्दुल गनींनी मान खाली घातली. हुस्नाबी पडद्यामागे दिसेनाशी झाली. जफर साहेब बराच वेळ आपल्या पोटाकडे बघत राहिले, जणू तिथून काही निरोप येणार आहे. मग त्यांनी एवढंच विचारलं, की परसाकडची वाट कुठून आहे, आत्ताच बघून ठेवलेली बरी.

अशा रीतीनं तासाभराची भेट दिवसभराची झाली. जफर साहेबांची ये-जा सुरू झाली. मधल्या वेळात करायचं काय, म्हणून युनूसनं अकीलाला विचारलं की नेमकं काय वाया गेलं. त्याला ती रडवेली झालेली दिसली होती, आणि ती स्थळासाठी रडवेली नव्हती हेही त्यानं ओळखलं होतं. मोडलेलं लग्न परत जुळतं, हिचं काहीतरी त्याहून अवघड मोडलंय, असं त्याला वाटलं.

अकीलानं खलबत्त्यात उरलेला सगळ्यांत मोठा तुकडा घेतला, त्याच्या दोन बाजूंना सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली, चांदीला तारा लावल्या आणि तारा अब्बांच्या लाऊडस्पीकरच्या यंत्राला जोडल्या. पेन्सिलीनं तुकड्याला टिचकी मारली तर दुकानाबाहेरच्या भोंग्यातून धप् असा आवाज आला आणि रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. मग तिनं पुन्हा परसाकडे निघालेल्या जफर साहेबांकडून त्यांचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं आणि तुकड्यावर टेकवलं. तुकडा जरा फिरवून बघावा लागला. आणि मग सगळ्या गल्लीत घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली, घोड्याच्या टापांसारखी खणखणीत.

जफर साहेब परसातून येता येता दारातच उभे राहिले. हे घड्याळ त्यांच्या वडिलांचं. रोज कानाशी धरून ते चालू आहे का बघायची त्यांची सवय होती, पण ते एवढ्या जोरात चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोट विसरून ते खुर्ची ओढून भोंग्यासमोर बसले.

"मग हे झालंच की संशोधन," युनूस म्हणाला. "आता आणखी काय शोधता?"

तिनं त्याला सांगितलं, की दाबल्यावर वीज देणं हा याचा जुना गुण, तो सगळ्यांना माहीत आहे. तिला हवा होता दुसरा. या खड्याला थंडीत आठवण असते. त्याला वीज लावून एका बाजूला कलवलं, की वीज काढून घेतली तरी तो त्याच बाजूला कललेला राहतो. उलटी वीज लावली की दुसऱ्या बाजूला कलतो आणि तिकडेच राहतो. पण जरा उकडायला लागलं की सगळं विसरतो. कसा विसरतो, एकदम की हळूहळू, आणि खड्यात खोट असली तर लवकर विसरतो का, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी मोठा, बिनखोटीचा खडा हवा होता.

युनूसनं आणखी बरंच काही विचारलं, आणि त्यातले दोन प्रश्न तिला नागपूरलाही कुणी विचारले नव्हते. संध्याकाळच्या गाडीनं पाहुणे गेले. जाताना जफर साहेब होकार-नकार काहीच बोलले नाहीत. फक्त हुस्नाबीला म्हणाले, की पोट साफ झालं, बऱ्याच महिन्यांनी.

मे सुरू झाला आणि माठाखालची वाळूही तापू लागली. अकीला चिडचिडी झाली. तेवढ्यात महागावकडच्या बंजारा तांड्यावरचे देवसिंग पुतण्याच्या लग्नासाठी लाऊडस्पीकर ठरवायला दुकानात आले. अब्दुल गनींची आणि त्यांची जुनी ओळख. देवसिंगांचे आजोबा बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहून न्यायचे, आणि आता घरची शेती होती. बोलता बोलता ते म्हणाले, की यंदा ज्वारी कोठीतच भरली, पेव रिकामंच राह्यलं.

अकीला आत बरण्या धूत होती. ती ओल्या हातांनीच बाहेर आली. लहानपणी तिनं तांड्यावर पेव उघडताना पाहिलं होतं. जमिनीत खोल खणलेलं, वर अरुंद तोंड आणि खाली मोठं पोट असलेलं धान्याचं कोठार. वर ऊन असो की थंडी, खाली एकच हवा. जे नागपूरच्या प्रयोगशाळेत नव्हतं ते तांड्यावर जमिनीखाली रिकामं पडलं होतं.

तिनं देवसिंगांना विचारलं, की ते पेव पाऊस लागेपर्यंत मला देता का.

"कायले?" देवसिंग म्हणाले. मग तिनं सांगितलेलं सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "घे ना बेटी. रिकामंच हाय. उंदरायपेक्षा तू बरी."

अम्मीला सोबत घेऊन ती तांड्यावर गेली. देवसिंगांच्या बायकोनं, हंसाबाईनं, दोघींना आपल्याच घरात जागा दिली. पेवाचं तोंड आधी काही दिवस उघडं ठेवलं, कारण बंद पेवात कोंडलेली हवा माणूस मारते. मग दोरीनं कंदील खाली सोडला. तो विझला नाही तेव्हा शिडी लावली. अकीला बरणी घेऊन उतरली आणि तिनं तापमापी भिंतीला टांगली. वर डोकं भणभणत होतं आणि खाली पारा सव्वीस-सत्तावीसवर जो बसला, तो दुपारी बघा, पहाटे बघा, हलायचं नाव घेईना. ती खालीच एकटी हसत बसली. शेवटी हंसाबाईनं वरून हाक मारून विचारलं, की जीव तर ठीक आहे ना.

तांड्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. तांड्याचे नायक भावसिंग स्वतः येऊन विचारून गेले, की पोरगी हिरा पिकवून राह्यली म्हणतात ते खरं काय. अकीलानं सांगितलं, की हिरा नाही, मीठ आहे, आणि पाण्यात टाकलं तर नाहीसं होईल. भावसिंग थोडे नाराज झाले. पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूसाठी कुणी भुयारात उतरतं, हे त्यांना पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, आणि नंतर रोजच येऊ लागले. बाळंतिणीची चौकशी करावी तसं विचारायचे, की आज केवढं झालं. हंसाबाईनं पेवाच्या तोंडाशी बाज टाकली आणि पोरांना धडधड उड्या मारायला तिथून दूर हाकललं, कारण हादरा बसला तर खड्यात रेघ पडते, हे अकीलानं एकदा सांगितलं होतं. पुतण्याच्या लग्नात वाजंत्र्यांनाही तिनं पार वेशीपलीकडे उभं केलं. खुद्द नवरदेवाला ते आवडलं नाही, पण हंसाबाईपुढे कोण बोलणार.

खडा वाढत होता. पेरूएवढा झाला, मग मुठीत मावेना.

एका सकाळी युनूस तांड्यावर आला. महागावपर्यंत बसनं आणि पुढे भाड्याच्या सायकलीवर, डोक्याला ओला रुमाल बांधून. अम्मीनं त्याला ताक दिलं आणि मुद्दाम चुलीशी काम काढलं. त्याला आधी खडा बघायचा होता. दोघं शिडीनं खाली उतरली, आणि वर बाजेवर हंसाबाई खाली वाकून बसली, पहारा खड्याचा की पोरीचा ते तिचं तिला माहीत. कंदिलाच्या उजेडात बरणीतला खडा आधी दिसलाच नाही, इतका तो पाण्यासारखा होता. मग कडा चमकल्या.

युनूसनं उकिडवं बसून खडा सगळ्या बाजूंनी पाहिला. मग त्यानं सांगितलं, की त्याच्या अब्बांचा होकार आहे, पण एका अटीवर. लग्नानंतर नागपूर बंद.

अकीला बरणीकडे बघतच म्हणाली, "मग माझा नकार कळवा."

"मी अट सांगायला आलो. मागायला नाही आलो."

"तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

"मला त्या दिवसाचा भोंगा आठवतो," युनूस म्हणाला. "घरात असं काही रोज ऐकू येणार असेल तर मी थांबेन. पण अब्बांचं मन तुम्हीच वळवू शकाल. माझं ते ऐकत नाहीत, मास्तरचं कोण ऐकतं."

तिनं विचार केला आणि निरोप दिला. नागपूरचं काम अजून दोनेक वर्षं चालेल. ते पुरं झाल्याशिवाय निकाह नाही, आणि निकाहनंतरही मी काम सोडणार नाही. हे मान्य नसेल तर माझा राग नाही. जसं असेल तसं चाचांना सांगा, गोड करून सांगू नका.

युनूसनं तसंच सांगितलं. नेरला त्यावरून आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग जफर साहेबांनी स्वतःच विषय मिटवला. त्यांचं म्हणणं हुस्नाबीमार्फत पुसदला पोचलं, ते असं: त्या दिवशी गप्प बसून पोरगी आपली इज्जत वाचवू शकली असती. तिनं माझी वाचवली. असं माणूस घरात येत असेल तर दोन वर्षं काही फार नाहीत. बाजारात मी कापसाच्या भावासाठी याहून जास्त थांबलो आहे.

जून लागला आणि आभाळ भरून येऊ लागलं. हवेत दमटपणा आला तर खड्याला पाणी सुटेल, म्हणून आता घाई होती, आणि घाई करूनही चालणार नव्हतं. खालच्या गारव्यातून एकदम वरच्या उन्हात आणला तर तो तडकला असता. अकीलानं जवसाच्या तेलानं भरलेला पितळी डबा आदल्या दिवशीच पेवात नेऊन ठेवला होता. तेलात हे मीठ विरघळत नाही आणि बाहेरची हवाही त्याला लागत नाही. तिनं खडा दोऱ्यासकट उचलून तेलात सोडला, डब्याभोवती कापसाची जाड गादी गुंडाळली आणि तो शिडीच्या एकेका पायरीवर थांबवत वर आणला. खाली देवसिंग शिडी धरून उभे, वर हंसाबाई, आणि भोवती सगळा तांडा. डबा वर आल्यावर दिवस कलेपर्यंत तो घरात सावलीत ठेवला. मग अकीलानं झाकण काढून आत बोट घातलं आणि खड्याची प्रत्येक कड चाचपून पाहिली. एक कोपरा जरासा उडाला होता. बाकी तडा कुठेच नव्हता.

भावसिंगांना तिनं खडा दाखवला. त्यांनी तेलात वाकून पाहिलं आणि म्हणाले, की दिसते तर हिऱ्यासारखंच, मग लोकायले हिराच सांगू.

नागपूरला पांढरीपांडे सरांनी खडा उजेडासमोर धरला, फिरवला, पुन्हा धरला, आणि विषय बदलण्याबद्दल काही बोलले नाहीत. खड्याच्या पातळ चकत्या कापण्यातच पावसाळा गेला. दोन चकत्या फुटल्या, तेव्हा अकीला खोलीवर जाऊन झोपली आणि दुसऱ्या दिवशी उठून तिसरी कापायला बसली. मोजमाप मात्र थंडीतच होणार होतं. तोपर्यंत खड्याला आठवण येणारच नव्हती.

डिसेंबरच्या एका सकाळी प्रयोगशाळेत एवढा गारठा होता की शिपायानं मफलर डोक्यावरून बांधला होता. अकीलानं चकतीला वीज लावली. यंत्राच्या गोल काचेवर एक हिरवी रेघ उमटली, आणि बघता बघता ती मधून फुगली. रेघेची सुपारीच्या फाकेसारखी बंद आकृती झाली. वीज चढताना खडा एका वाटेनं जात होता आणि उतरताना दुसऱ्या वाटेनं येत होता. म्हणजे त्याला आठवत होतं. तिनं सरांना बोलावलं नाही. आधी तिला एकटीलाच ते बघायचं होतं.

मग ऊन खिडकीतून आत आलं, पारा चढू लागला आणि आकृती बारीक होत गेली. एकदम नाही, हळूहळू, झोपेला आलेल्या माणसाचे डोळे मिटावेत तशी. पारा चोविसाच्या थोडा वर गेला आणि पुन्हा नुसती रेघ उरली. तिनं सगळे आकडे मांडून घेतले, मग खिडकीला पडदा लावला, चकतीशेजारी बर्फाचा खडा ठेवला आणि आकृती परत आणली. दुपारी सर आले तेव्हा ती हे पाचव्यांदा की सहाव्यांदा करत होती.

सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, की हे छापायला पाठवू. मग हळूच भर घातली, की हे मीठ म्हणजे हिवाळ्याचा पाहुणा. परदेशात आता एका मातीवर काम चाललं आहे. बेरियम आणि टिटॅनियमची माती, भट्टीत भाजून कौलासारखी कडक केलेली. तिच्यावर उकळतं पाणी ओतलं तरी आठवण राहते. आपल्याकडे तसली भट्टी नाही, उभी करावी लागेल. कष्टाचं काम आहे.

अकीलानं बर्फाचं पाणी पुसून घेतलं आणि विचारलं, की भट्टीसाठी विटा कुठल्या लागतील.